एका घराक दोन वायफाय कित्याक?

पत्र थोडक्यात असं: देवगड तालुक्यातल्या एका वाडीत, सामायिक जांभ्याच्या घरात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. पुढच्या अंगाला थोरले दीर आणि जाऊबाई, मागच्या अंगाला ताई, त्यांचे यजमान आणि सासूबाई. खळ्याच्या कडेच्या दोन खोल्या ताई पाहुण्यांना देतात, शिवाय वाडीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात, सातबारे काढून देतात. फेब्रुवारीत त्यांनी साठवलेल्या पैशांतून वायफायवर चालणारा इंक टँकचा प्रिंटर घेतला. इंटरनेटचं कनेक्शन भावोजींच्या नावावर आहे आणि राऊटर ओटीवर, पुढच्या इन्व्हर्टरला जोडलेला. मागे रेंज येत नव्हती म्हणून मे महिन्यात पुतण्याने दुसरा राऊटर आणून माजघराच्या मागच्या दाराशी लावून दिला. आता प्रिंटर कधी सापडतो, कधी ‘ऑफलाइन’ दाखवतो. लाईट जाऊन आली की हमखास. जाऊबाईंच्या मोबाइलवर तर तो मे महिन्यापासून दिसतच नाही. त्यांना वाटतं, ताईंनी लॉक लावलं. ताईंना वाटतं, पुढून कुणीतरी मुद्दाम काहीतरी बंद करतं. पुतणीच्या शाळेच्या प्रोजेक्टना शाई जाते हा सल वेगळाच. एप्रिलमध्ये एका रात्री प्रिंटरमधून कुणा अनोळख्याचं रेल्वे तिकीट आपोआप बाहेर आलं, त्याची धास्ती अजून गेलेली नाही. यजमान म्हणतात, आपण वेगळं कनेक्शन घेऊया. सासूबाई म्हणतात, “एका घराक दोन वायफाय कित्याक?” ताईंचा प्रश्न आहे: वेगळं व्हावं का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला जावाजावांचं भांडण दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना एक तारीख दिसली. जाऊबाईंना प्रिंटर दिसेनासा झाला तो मे महिन्यापासून, आणि दुसरा राऊटर आला तोही मे महिन्यात. तुम्ही या दोन गोष्टी पत्रात चार ओळींच्या अंतराने लिहिल्यात, पण त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. माझ्या मते तुमच्या तक्रारीचा मोठा भाग तिथेच आहे.

वायफायचा प्रिंटर सापडायचा असेल, तर तो आणि त्याला हुकूम देणारा मोबाइल किंवा लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असावे लागतात. एका घरात असणं पुरत नाही. पुतण्याने आणलेला राऊटर जसा खोक्यातून निघतो तसाच लावला असेल, तर तो नुसती रेंज वाढवत नाही, पुढच्या राऊटरच्या पोटात स्वतःचं दुसरं नेटवर्क उभं करतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. पण मागच्या नेटवर्कवरचा प्रिंटर पुढच्या नेटवर्कवरच्या मोबाइलला दिसत नाही. म्हणजे तुमच्या सासूबाई ज्याला नको म्हणतायत ते घरात झालेलंच आहे. कनेक्शन एक, नेटवर्कं दोन. जाऊबाईंना वाटणारं ‘लॉक’ खरंच आहे, फक्त ते तुम्ही लावलेलं नाही. लावणाऱ्या मुलालाही ते लागल्याचं कळलेलं नसणार.

आता लाईटचं बघा. पुढचा राऊटर इन्व्हर्टरवर, मागचा नाही. लाईट गेली की मागचं वायफाय मरतं, पुढचं जिवंत राहतं. तुमचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो. त्याला दोन्ही पासवर्ड ठाऊक असल्यामुळे तो गुपचूप पुढच्या नेटवर्कवर उडी मारतो आणि लाईट आल्यावरही बऱ्याचदा तिथेच बसून राहतो. प्रिंटर मात्र मागच्या नेटवर्कवर परततो. तुम्ही प्रिंट देता आणि स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ येतं. त्या क्षणी पुढे कुणी कशालाही हात लावलेला नसतो. हे वाचून तुम्हाला थोडं हलकं वाटलं, तर मला फार बरं वाटेल, कारण पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच होती: “आता मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.”

पण माझ्यावर विसंबू नका, खात्री करून घ्या. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ दिसलं की प्रिंटरजवळ जा. बहुतेक प्रिंटरमधून नेटवर्कच्या माहितीचं एक पान छापता येतं, त्याची रीत सोबतच्या पुस्तिकेत असते. त्यावर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची प्रिंटरची ओळख, म्हणून चार भागांचा एक आकडा असेल, समजा १९२.१६८.०.१०५. मग लॅपटॉपच्या वायफायच्या माहितीत त्याचा स्वतःचा पत्ता बघा. पहिले तीन भाग सारखे नसतील, एकीकडे १९२.१६८.० आणि दुसरीकडे १९२.१६८.१ असं असेल, तर वर म्हटलंय तेच खरं, दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. लाईट आल्यावर प्रिंटर आधी जागा होतो, राऊटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्या गडबडीत असं होतं. मग राऊटर नीट चालू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद करून परत चालू करायचा. आणि पहिले तीन भाग जुळतायत, पण शेवटचा आकडा मागच्या पानापेक्षा वेगळा आलाय, तर राऊटरने प्रिंटरला नवा पत्ता दिलाय आणि लॅपटॉप अजून जुन्या पत्त्यावर हाका मारतोय. ही दोन-तीन पानं तारीख घालून जपून ठेवा. दुरुस्तीवाल्याला दाखवायला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

हे मी पोळल्यावर शिकले. काही वर्षांपूर्वी असाच ‘ऑफलाइन’ झालेला प्रिंटर मी एसटीत मांडीवर घेऊन कणकवलीला नेला होता. दुकानदाराने केबल लावून दहा पानं काढून दाखवली, प्रिंटर ठणठणीत होता. घरी वायफायचं नाव बदललं होतं आणि प्रिंटर जुन्याच नावाची वाट बघत बसला होता. तेव्हापासून कुणी सांगितलं की प्रिंटर बिघडलाय, तर मी आधी घरातलं नेटवर्क विचारते.

उपाय तसा छोटा आहे. मागच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करायचा. मग तो पत्ते वाटण्याचं काम सोडतो आणि नुसती रेंज पोचवतो. पत्ते फक्त ओटीवरचा राऊटर वाटतो आणि घर एका नेटवर्कवर येतं. जुन्या राऊटरमध्ये हा मोड बऱ्याचदा नसतो. तिथे त्याचं ‘डीएचसीपी’, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पुढच्या राऊटरशी भांडणार नाही असा बदलायचा, आणि पुढून आलेली केबल ‘वॅन’च्या (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) खाचेतून काढून ‘लॅन’च्या (घरातली यंत्रं जोडण्याच्या) खाचेत घालायची. दोन्ही राऊटरना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या, म्हणजे लॅपटॉपने उडी मारली तरी तो त्याच नेटवर्कवर राहील.

त्यानंतर प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा. ओटीवरच्या राऊटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. कितीही वेळा लाईट गेली तरी हा आकडा या प्रिंटरचाच, असं तिथे नोंदवता येतं. काही जण हा पत्ता प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये बसवतात. तेही चालतं, पण राऊटर तोच आकडा उद्या एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन बसला की दोघांची टक्कर होते. म्हणून राऊटरमध्ये नोंदवलेलं बरं. मग लॅपटॉपवरचा जुना प्रिंटर काढून टाका आणि या पत्त्यावर नव्याने जोडा. मोबाइलना सहसा वेगळं काही करावं लागत नाही. एका नेटवर्कवर आले की अँड्रॉइड आणि आयफोन बहुतेक प्रिंटर स्वतः शोधतात.

प्रिंटर नव्याने वायफायला जोडताना अडलात तर आधी दोन गोष्टी तपासा. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यांना दिसतही नाही. आपल्या घरांना तेच सोयीचं, कारण चिऱ्याच्या जाड भिंतीतून २.४ जास्त चांगलं पार जातं. दुसरं, राऊटरची सुरक्षा नुसत्या ‘डब्ल्यूपीए३’वर असेल तर बरेच प्रिंटर जोडले जात नाहीत. ती ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्ही चालतील अशी मिश्र ठेवा.

राहता राहिलं ते रेल्वेचं तिकीट. तुम्ही खोलीतल्या पाहुण्यांना घरचाच पासवर्ड दिला होता आणि एप्रिलमध्ये घरात एकच नेटवर्क होतं. पाहुण्याने मोबाइलवर तिकीट उघडलं, छपाईच्या खुणेवर बोट गेलं, समोर तुमच्या प्रिंटरचं नाव आलं. कुणी तुमच्या घरात डोकावलं नाही. तरी तुमची धास्ती मला रास्त वाटते, कारण वाडीतल्या लोकांचे आधार, सातबारे, बँकेची पासबुकं तुमच्या लॅपटॉपवर असतात. ज्यांनी ती विश्वासाने तुमच्या हातात दिली, त्यांच्यासाठी तरी पाहुण्यांचं वायफाय वेगळं हवं. वेगळं व्हायचंच असेल तर ते इथे व्हा.

त्यासाठी दुसरं कनेक्शन लागत नाही. ओटीवरच्या राऊटरमध्ये बहुधा ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल. तिला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्या. तिथे इंटरनेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत. तुमच्या खोल्या खळ्याला लागून असल्यामुळे पुढची रेंज तिथे पोचेल. गेस्ट नेटवर्क मागच्या राऊटरवरून मात्र देऊ नका. ॲक्सेस पॉइंट केलेल्या राऊटरमध्ये ही आडभिंत नेहमी काम करतेच असं नाही. चालू केल्यावर स्वतःचा मोबाइल त्या वायफायला जोडा आणि प्रिंटर शोधून बघा. सापडला नाही, तरच पाहुण्यांना पासवर्ड द्या. आजवर किती जणांना घरचा पासवर्ड गेलाय याचा हिशेब नाही, तेव्हा तोही याच वेळी बदला. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड निराळा असतो, बऱ्याचदा खालच्या चिकटपट्टीवर छापलेला. तोही बदलून टाका. प्रिंटरचं स्वतःचं छोटं वायफाय असतं, ‘डायरेक्ट’ शब्दाने सुरू होणारं. ते वापरत नसाल तर बंद ठेवा. आणि पाहुण्यांकडून ओळखपत्र घेताना मास्क्ड आधार चालेल असं सांगत जा, त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात. दुसऱ्याचा पूर्ण आधार आपल्या घरात नसलेलाच बरा.

आता शाई. पुतणीच्या प्रोजेक्टना शाई जाते असं तुम्ही लिहिलंत. जात असेलही. पण त्याच पत्रात तुम्ही म्हणता की विजांच्या भीतीने रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करता. विजेची भीती खरी आहे. आपल्याकडे मे अखेरच्या आणि परतीच्या पावसात गडगडलं की मीही वायर खेचते. पण इंक टँकचा प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा असतो. तेव्हा तो शाई सोडणारं डोकं जागेवर नेऊन झाकतो. तो पूर्ण शांत झाला की मग भिंतीवरचं बटण, आणि मग वायर. थेट भिंतीवरून बंद केला तर डोकं उघडं राहू शकतं, शाई वाळते, रेघा येतात, आणि तुम्ही ‘हेड क्लीनिंग’ करता. त्या प्रत्येक सफाईत चांगली शाई वाया जाते. पुतणीची पानं डोळ्यांना दिसतात, ही शाई दिसत नाही. महिनाभर आधी हे करून बघा, मग तिचा हिशेब मांडा. आठवड्यातून एकदा एखादं रंगीत पान काढत जा, नाहीतर रंग वाळतात. पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका. आपल्या दमट हवेत तो ओल धरतो, वाकतो आणि अडकतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला.

हिशेब तरीही ठेवावाच लागेल, आणि तो ठेवणं म्हणजे परकेपणा नाही. प्रिंटर तुमच्या कष्टाच्या पैशाचा आहे, त्यावर तुमची कमाई आहे. पण ज्या वायफायवर तो चालतो त्याचं बिल भावोजी भरतात, हेही तुम्हीच लिहिलंय. तुम्ही त्यांचं इंटरनेट वापरता, त्यांची मुलगी तुमची शाई वापरते. हे देणं-घेणं चालूच आहे, फक्त कुणी ते मोठ्याने बोललेलं नाही. जाऊबाईंकडे पैसे मागण्यापेक्षा असं म्हणून बघा: “वहिनी, शाईची पुढची बाटली तुमच्याकडून, त्यानंतरची माझ्याकडून. गिऱ्हाइकांच्या पानांचं माझं मी बघते.” बाटलीत काही हजार पानं निघतात, तेव्हा हे रोजचं ओझं नव्हे. प्रिंटरशेजारी एक वही टांगा. कुणाची किती पानं एवढंच त्यात लिहायचं. गिऱ्हाइकांचीही त्याच वहीत, तुमचा स्वतःचा धंदा किती आहे तेही तुम्हाला पहिल्यांदा नीट दिसेल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पाहुण्यांचं बुकिंग, फॉर्मची शेवटची तारीख हे सगळं एका तारेवर असेल, तर दुसरं कनेक्शन हा विमा आहे. जून २०२० मध्ये निसर्ग आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, दोन्ही वादळांत किनाऱ्यावर काय झालं ते आपण विसरलेलो नाही. पण विमा घ्यायचा तर तो विम्यासारखा घ्या. दुसरी केबल त्याच खांबांवरून, त्याच फणसाखालून येणार असेल, तर एकच फांदी दोन्ही तोडेल. त्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी हाताशी असणं स्वस्त पडेल. त्या दिवशी प्रिंटर यूएसबी केबलने थेट लॅपटॉपला जोडा. केबलला ना राऊटर लागतो ना पत्ता. एकट्याच माणसाला एकाच लॅपटॉपवरून प्रिंट काढायची असती, तर मी पहिल्यापासून केबलच सुचवली असती. हे माझ्या सगळ्याच वाचकांना सांगते. वायफायचा प्रिंटर अनेकांच्या घरासाठी आहे. अनेकांनी तो वापरू नये म्हणून वेगळं वायफाय घ्यायचं, तर मग केबल काय वाईट?

भांडणाचा तोडगा म्हणून मात्र वेगळं कनेक्शन घेऊ नका. त्या दिवसापासून जाऊबाईंना प्रिंटर कायमचा दिसेनासा होईल, आणि आज जे लॉक चुकून लागलंय ते मग तुम्ही हाताने लावलेलं असेल.

पुतण्याला फोन करा. त्याने काकीसाठी स्वतःच्या पैशाने राऊटर आणला होता, तेव्हा “तुझ्यामुळे सगळं बिघडलं” असं तोंडातून जाऊ देऊ नका. “तुझ्या राऊटरने रेंज आली बाबा, आता त्याला ॲक्सेस पॉइंट करून दे” एवढंच सांगा. त्याला ते एका दुपारचं काम आहे. कनेक्शन भावोजींचं आहे, म्हणून आधी त्यांच्या कानावर घाला. नवे पासवर्ड एका कागदावर लिहून दोन्ही घरांत एकेक प्रत ठेवा, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. जमलं तर पुढच्या इन्व्हर्टरची एक वायर मागच्या राऊटरपर्यंत ओढून घ्या.

हे गणपतीआधी उरका. चाकरमानी आले की घरात वीस मोबाइल असतील आणि प्रत्येकाला पासवर्ड हवा असेल. पुतण्या काम करत असताना जाऊबाईंना शेजारी बसवा आणि पहिलं पान त्यांच्या मोबाइलवरून काढायला सांगा. सासूबाईंना आरत्या मोठ्या अक्षरात हव्यात असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय ना? त्याच काढा.